साचा

लटारीमामांचा विटांचा साचा
तीन वर्षं छपरीत पडून होता,
भट्टी बसली तेव्हापासून.
आत कोंबडी अंडी घालायची.
मागायला गेले तर म्हणाले,
"काहून व, घर बांधतं का?"
नाही मामा, गाईंसाठी पाडायच्यात विटा.
हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.
कोंबडी हाकलली, साच्यात फुंकर मारली,
तळाच्या फळीवर कोरलेल्या उलट्या 'ल'मधली माती
नखाने काढत बसले.

त्याचं असं झालं, बगळी भिंत चाटायला लागली होती.
चैत सरत आलेला, धुऱ्यावर नुसत्या काड्या,
कोठ्यात सोयाबीनचं कुटार.
ते ती खायची, तापातून उठलेलं माणूस
भात खातं तसं,
आणि मग मान वळवून
भिंतीचा एकच कोपरा, रोज, पोपडे निघेपर्यंत.
दवाखान्यातला पोरगा म्हणाला, अंगात मीठ कमी, क्षार कमी.
मी म्हटलं, तिला भिंतच पाहिजे
तर खाता येईल अशी भिंत देऊ.

शाळेच्या बोअरिंगमागचा शेवगा आम्ही ओरबाडला,
पाला सावलीत वाळवला, हिरवा राहावा म्हणून.
सुबाभूळ कालव्यावरची, पण हात राखून;
जास्त झाली तर शेपटीचे केस गळतात.
गिरजा उईकेने मोहाची फुलं आणली डबाभर,
वरून बजावलं, "घरातल्या माणसाले डबा दावू नको."
तुरीची चुनी, जवसाची ढेप,
काळा गूळ, खडे मीठ, मूठभर चुना.
युरियाचं कोणी नाव काढलं तेव्हा
गिरजानेच पोतं मागे सारलं:
तो पऱ्हाटीचा. पऱ्हाटीला जीभ नसते.

पहिली वीट मुंग्यांनी नेली.
खरंच नेली, रात्रीतून, रांगेने.
दुसरी इतकी टणक झाली
की बगळीने दोनदा जीभ लावली
आणि माझ्याकडे पाहिलं.
मामा म्हणाले, ही ठेव, न्हाणीच्या पायरीले होते.

मग ते स्वतःच उकिडवे बसले घमेल्याशी.
मूठ भरली, आवळली, उघडली.
"माती असो का चारा,
मुठीत गोळा झाला पाह्यजे
अन् तळहात कोरडा राह्यला पाह्यजे."
आणखी चुनी. आणखी. आता गुळाचं पाणी, बस.
साच्याला आतून राख लावली,
भरलं, टाचेने दाबलं,
एका झटक्यात उलटं केलं.
पाठीवर सुलटा 'ल' घेऊन
हिरवट काळी वीट
फळीवर उभी.
गिरजा म्हणाली, "व माय, वास तर मलेच खाव वाटे असा."
सूर्याकडे नेऊ लागले तर मामांनी अडवलं:
उनात घाई करते ती वीट तडकते.

नऊ दिवस सावलीत.
दहाव्या दिवशी गव्हाणीत ठेवली.
बगळीने हुंगलं, नाक उडवलं, दूर झाली.
आम्ही तिघं उभे, लग्नात
मुलाकडचे जेवतात की नाही पाहावं तसे.
मी आत गेले चहाला.
खरखर ऐकू आली तेव्हा दूध उतू जात होतं,
गेलं तर गेलं.

पहिल्यांदा अक्षर गेलं.
दोन दिवसांत 'ल'चा नुसता पोटफुगा उरला, मग तोही नाही.
मामा रोज येतात, निमित्त काढून.
विटेला आता मधोमध खळगा पडलाय,
ओला, गुळगुळीत, जिभेच्या मापाचा.
परवा त्यांनी त्यात हात ठेवला, तसाच राहू दिला.
म्हणाले, सात गावात माह्या विटा हायेत.
एकाही घराच्या आत गेलो नाही मी.

मी काहीच बोलले नाही.
घमेल्यात चुनी ओतली.

कोंबडी मात्र अजून फुगून आहे.
साचा गेला म्हणून
गव्हाणीच्या कोपऱ्यात, कुटारात अंडी घालते.
बगळी तिला हुंगते,
आणि जीभ
विटेकडे वळवते.